हजेरीपटावर नाव हवं



या मालिकेत आपण आतापर्यंत लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, फौजेचा दाणागोटा कसा पोचायचा तेही पाहिलं. आजच्या भागात तोफा नाहीत, घोडदळ नाही. तरीही ही एका मोहिमेचीच हकीकत आहे. ही मोहीम पंचवीस वर्षं चालली. लढणारे होते आईबाप, त्यातही आयाच जास्त. मिळवायचं होतं ते एवढंच, की कायद्याच्या यादीत एक शब्द यावा. तो शब्द म्हणजे ऑटिझम. मराठीत आपण त्याला स्वमग्नता म्हणतो.

काही प्रेक्षकांनी विचारलं होतं, "कर्नलसाहेब, तुम्ही सैन्यातले, हा विषय तुमच्याकडे कुठून आला?" रास्त प्रश्न आहे. आधी त्याचं उत्तर देतो, मग इतिहासाकडे वळू.

मी कुठून बोलतोय

मी बोलतोय तमिळनाडूतल्या पापनाशमहून. तिरुनेलवेलीकडे याच नावाचं दुसरं गाव आहे, धरण आणि धबधब्याचं. ते हे नव्हे. आमचं पापनाशम तंजावर जिल्ह्यात, तंजावरहून कुंभकोणमला जाताना लागतं. चारी बाजूंनी भातशेती आणि कावेरीचे फाटे. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना पापनाशम शिवन या रचनाकारामुळे हे नाव माहीत असेल.

आम्ही तंजावरचे मराठी. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी इथे राज्य स्थापन केलं, त्या काळात जी घरं इकडे आली त्यांतलंच आमचं एक. १८५५ साली शेवटचे राजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. राज्य गेलं, भाषा घरात राहिली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं आमचं साडेतीनशे वर्षं चाललंय. माझी मराठी तुम्हाला बरी वाटत असेल तर त्याचं श्रेय खडकी, देवळाली आणि अहमदनगरच्या नेमणुकांना.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन याच गावात राहिली. तिचा मुलगा १९८४चा. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला राजू म्हणू. दीड वर्षाचा असताना चार-पाच शब्द बोलायचा, ते हळूहळू गेले. हाक मारली तर वळून बघायचा नाही, पण दोन खोल्या पलीकडे कुकरची शिट्टी झाली की कान दाबून धरायचा. घरातली पाण्याची कुडं, म्हणजे कळशा, एका ओळीत मांडायचा. एखादी हलली की जगबुडी झाल्यासारखा रडायचा.

अक्काने काय केलं नाही? वैद्य झाले, मोठ्या शहरातले डॉक्टर झाले. मनाच्या आजारासाठी लोक जिथे ४८ दिवस राहतात त्या गुणशीलमच्या देवळातही जाऊन आली. एकाने सांगितलं, मंदबुद्धी आहे. दुसरा म्हणाला, उशिरा बोलेल. तिसऱ्याने निदान केलं ते असं, की घरात दोन भाषा असल्यामुळे मूल गोंधळलंय, मराठी बंद करा. अक्काने त्या दिवसापासून राजूशी मराठी बोलणं सोडलं. आईने स्वतःच्या मुलाशी आपली भाषा बोलायची नाही, ही शिक्षा काय असते ते मी तिच्या तोंडावर पाहिलंय. पुढे जगभर अभ्यास झाले आणि दोन भाषांमुळे अशा मुलांचं नुकसान होतं असं काही त्यांत आढळलं नाही. राजू आजही तहान लागली की "पाणी" असंच म्हणतो. "तण्णी" म्हणत नाही.

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट कोणीच केली नाही. त्याच्या अवस्थेला नाव दिलं नाही.

सैन्यात काम केलेल्याला नावाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पलटणीत जवान हजर आहे, कवायत करतोय, पहारा देतोय, पण नॉमिनल रोलवर त्याचं नाव नसेल तर लंगरात त्याचा शिधा चढत नाही. जवानाला मूल झालं तरी पार्ट टू ऑर्डर निघेपर्यंत सरकारदप्तरी ते मूल जन्मलेलंच नसतं. त्याची औषधं, शाळेचा भत्ता, पेन्शनवरचा हक्क, सगळं त्या एका नोंदीवर अवलंबून. आमच्या पापनाशमजवळ तिरुप्पालैतुरैच्या देवळात नायक राजांच्या काळातलं विटांचं प्रचंड मोठं धान्याचं कोठार उभं आहे. ते बघताना मला नेहमी वाटतं, कोठार कितीही भरलेलं असो, धान्य मिळणार ते ज्याचं नाव वहीत आहे त्यालाच.

स्वमग्न मुलांचा इतिहास हा या वहीत नाव चढवण्याचा इतिहास आहे.

नाव आलं कुठून

ऑटिझम शब्द ग्रीक 'ऑटोस'पासून, म्हणजे स्वतः, यावरून केलेला. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरला, पण वेगळ्या अर्थाने, स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून. आज ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो, त्याची पहिली ठळक मांडणी १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला झाली. ती करणारे लिओ कॅनर मूळचे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातले. पहिल्या महायुद्धात त्यांनी ऑस्ट्रियाच्या सैन्यात वैद्यकीय पथकात काम केलं होतं. त्यांनी ११ मुलांची वर्णनं लिहिली, आठ मुलगे आणि तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी अशाच मुलांबद्दल लिहिलं. महायुद्ध चालू होतं, दोघांचं लिखाण दोन शत्रुराष्ट्रांतलं. आस्पेर्गरचं काम इंग्रजी वाचणाऱ्या जगाला खऱ्या अर्थाने कळायला १९८१ साल उजाडावं लागलं.

कॅनरच्या त्या ११ मुलांतला पहिला डोनाल्ड. त्याला दाखवायला आणण्यापूर्वी त्याच्या वडिलांनी कॅनरना एक पत्र पाठवलं होतं. टंकलिखित ३३ पानं. मुलगा काय खातो, काय टाळतो, कोणते शब्द पुन्हापुन्हा म्हणतो, काय फिरवत बसतो, सगळं त्यात टिपलेलं. म्हणजे बघा, या विषयातला पहिला टेहळणी अहवाल डॉक्टरने लिहिला नाही, बापाने लिहिला.

पण पुढची वीसेक वर्षं वैद्यकशास्त्राने आईबापांनाच आरोपी केलं. आई थंड स्वभावाची, तिने माया दिली नाही, म्हणून मूल स्वतःत शिरलं, असं सांगितलं जाई. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणजे थिजलेली आई म्हणत. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक आलं, त्याचाही रोख आयांकडेच होता. रात्रंदिवस मुलामागे धावणारी बाई, आणि वर हा ठपका.

हा ठपका खोडून काढणारा माणूस अमेरिकन नौदलाच्या नोकरीत होता. बर्नार्ड रिमलँड. तो लढवय्या नव्हता, सॅन दिएगोला नौदलाच्या संशोधन विभागात मानसशास्त्रज्ञ होता. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्याने उपलब्ध होतं ते सगळं वाचून काढलं आणि १९६४ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं, की दोष संगोपनाचा नाही, हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात फरक आहे. दुसऱ्याच वर्षी त्याने इतर पालकांना घेऊन राष्ट्रीय संघटना उभारली. इंग्लंडमध्ये त्याच्या आधीच, १९६२ साली, लंडनच्या काही पालकांनी अशी संस्था काढली होती. त्यांत लोर्ना विंग होत्या, स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीची आई. आस्पेर्गरचं काम १९८१ साली उजेडात आणलं ते त्यांनीच.

आता इथे थोडं थांबून लक्षात घ्या. बाल्टिमोर असो, सॅन दिएगो असो, लंडन असो, पहिलं पाऊल पालकांनी टाकलंय. सरकार मागून आलं. आपल्याकडेही तेच झालं.

आपल्याकडचा आधीचा काळ

आपल्याकडे काहीच नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. आमच्या तंजावर भागात मराठा राजांनी बांधलेली छत्रं आहेत. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलं नावाजलेलं, सरफोजीराजांच्या काळातलं. छत्र म्हणजे नुसती धर्मशाळा नव्हे. तिथे वाटसरूला जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, मुलांना शिक्षण मिळे. त्यांच्या खर्चाचे मोडी कागद आजही तंजावरात आहेत. मला त्या परंपरेचा अभिमान आहे. पण छत्रात पोटाला मिळतं, ते दान म्हणून. दात्याची मर्जी आणि राज्य टिकलं तोवर ते टिकतं.

मुलांसाठी संस्थांचा विचार केला तर मुंबईत १९४४ साली होरमसजी आणि जेरबानू वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली. तिला डाउन सिंड्रोम होता. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपाला आली. इकडे मद्रासला १९५३ साली गिल्ड ऑफ सर्व्हिसने बालविहार ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची शाळा काढली. त्यामागे होत्या मेरी क्लबवाला जाधव. आडनाव ऐकून कान टवकारले ना? या बाई पारशी. दुसऱ्या महायुद्धात मद्रासमध्ये उतरलेल्या सैनिकांची त्यांनी इतकी सेवा केली, की जनरल करिअप्पांनी त्यांना सैन्याची लाडकी म्हटलं. पहिल्या पतीच्या निधनानंतर त्यांनी विवाह केला तो मेजर चंद्रकांत जाधव यांच्याशी. एक मराठी फौजी अधिकारी आणि एक पारशी समाजसेविका, आणि कर्मभूमी मद्रास. आमच्यासारख्या सीमेवरच्या मराठ्यांना ही जोडी फार जवळची वाटते.

या संस्थांनी मोठं काम केलं. पण त्या काळी सगळ्या मुलांना एकच पाटी होती, मतिमंद. स्वमग्न मूल तिथे आलं तर त्याचं करायचं काय, हे शिकलेला शिक्षकच नव्हता. ऑटिझम हा पाश्चात्त्य देशांचा विषय, आपल्याकडे तो होत नाही, असं चांगले शिकलेले लोकही म्हणत.

ॲक्शन फॉर ऑटिझम

१९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ या एका स्वमग्न मुलाच्या आईने इतर काही पालकांना सोबत घेऊन ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था स्थापन केली. नावच बघा. 'काळजी' नाही, 'सहानुभूती' नाही, 'ॲक्शन'. फौजी माणसाला हे नाव पटतं.

सुरुवातीला हाताशी होतं काय? इमारत नाही, सरकारी अनुदान नाही, प्रशिक्षित शिक्षक नाहीत. अशा वेळी सेनापती काय करतो? आपली माणसं कुठे विखुरली आहेत ते आधी शोधतो आणि दळणवळण उभारतो. १९९४ साली संस्थेने 'ऑटिझम नेटवर्क' नावाचं इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. त्यात पालकांचे अनुभव असत, घरी मुलाला कसं शिकवावं ते असे, कुठे काय सोय आहे ते असे. इंटरनेट घराघरात पोचण्याच्या आधीचा तो काळ. पोस्टमनच्या पिशवीतून हे अंक गावोगाव जात.

१९९६ साली माझी नेमणूक दिल्लीला होती. एका सहकाऱ्याच्या घरी हा अंक प्रथम पाहिला. त्यानंतर जमतील तितके अंक मी पापनाशमला पाठवले. अक्का बी.ए. झालेली, इंग्रजी वाचणारी. तिने मला पत्र लिहिलं, ते माझ्याकडे अजून आहे. लिहिलं होतं, "अण्णा, बारा वर्षांनी कळलं की आमच्या घरात घडलं ते दुसऱ्यांच्याही घरात घडतं." (मी धाकटा, तरी ती मला अण्णाच म्हणते.) औषध नव्हतं त्या अंकात, जादू नव्हती. फक्त नाव होतं. पण नाव कळल्यावर तिने राजूच्या दिवसाची चित्रं काढून भिंतीवर लावली. दात घासणं, अंघोळ, जेवण, शिलाईचा क्लास, झोप. पुढे काय होणार हे त्याला दिसू लागलं आणि घरातला आरडाओरडा पुष्कळ कमी झाला.

त्याच १९९४ साली संस्थेने 'ओपन डोअर' ही शाळा सुरू केली. पण मेरी बरुआंना एक गोष्ट पुरती कळली होती. एक शाळा म्हणजे एक चौकी. एका चौकीने सरहद्द राखता येत नाही. म्हणून शाळेच्या जोडीला शिक्षक घडवण्याचं काम सुरू झालं, आणि पुढे या विषयाच्या पदविकेला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता मिळाली. म्हणजे स्वमग्न मुलांना शिकवणं हा एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून मानला गेला.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. पालकांचं प्रशिक्षण. देशाच्या कानाकोपऱ्यातून आई आपल्या मुलाला घेऊन येते, तीन महिने राहते आणि मुलाबरोबर स्वतः शिकते. मूल का ओरडतं, त्याला काय सांगायचं आहे, शब्दांऐवजी चित्रांनी कसं बोलायचं, हे ती आत्मसात करते आणि आपल्या गावी जाते. तिथे दुसऱ्या चार आया तिच्याकडे येतात. सैन्यात आम्ही हेच करतो. पलटणीतून एक हुशार हवालदार कोर्सला पाठवायचा, तो परत येऊन कंपनीला शिकवतो. रॉय रिचर्ड ग्रिंकर हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ, स्वतः स्वमग्न मुलीचे वडील. २००७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी देशोदेशींच्या स्वमग्नतेचा वेध घेतला, त्यात भारतातल्या या आयांच्या कामाची आवर्जून दखल घेतली आहे.

आज संस्थेचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीत जसोला इथे आहे. तिथून निघालेल्या वाटा फार लांब गेल्या. महाराष्ट्रातही स्वतंत्रपणे कामं उभी राहिली. बदलापूरजवळ पालकांनी मिळून प्रौढ मतिमंद मुलांसाठी 'आधार' उभारलं. मुंबईत २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 'उम्मीद' हे बालविकास केंद्र सुरू केलं. आमच्या सैन्यातल्या बायकांच्या संघटनेच्या, आवाच्या, 'आशा' शाळा अनेक छावण्यांत आहेत. बदली झाली की अशा मुलाची शाळा तुटते, हे फौजी आयांनी भोगलेलं दुःख, त्यातून त्या शाळा रुजल्या.

यादीसाठी लढाई

आता मुख्य मोहीम. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी कायदा केला. चांगली गोष्ट. पण त्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. ऑटिझम त्यात नव्हता.

याचा अर्थ काय? शाळेतली सवलत, रेल्वेचा पास, नोकरीतली राखीव जागा, हे सगळं प्रमाणपत्रावर. प्रमाणपत्र या सात रकान्यांपैकी एकाचं. मग पालक काय करत? मुलाला मतिमंद म्हणून लिहून घेत. ज्यांची बुद्धिमत्ता चाचणीत बरी निघे त्यांना तेही मिळत नसे. मूल शाळेत बसू शकत नाही, रस्ता एकट्याने ओलांडू शकत नाही, पण कागदावर ते ठणठणीत. राजूचंही पहिलं प्रमाणपत्र मतिमंदत्वाचंच होतं.

पालकांच्या संघटनांनी पाठपुरावा सोडला नाही, ॲक्शन फॉर ऑटिझम त्यात आघाडीवर होती. पहिलं यश १९९९ साली आलं. राष्ट्रीय न्यास कायदा झाला आणि त्यात चार अवस्थांची नावं आली. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता. भारताच्या कायद्यात ऑटिझम हा शब्द आला. पुढे चेन्नईच्या विद्यासागर संस्थेच्या पूनम नटराजन या न्यासाच्या अध्यक्षा झाल्या. त्यांनीही ती संस्था १९८५ साली स्वतःच्या मुलामुळेच सुरू केली होती. म्हणजे पुन्हा एक आईच.

पण हे यश अर्धं होतं. न्यासाच्या कायद्याने पालकत्वाची, विम्याची सोय केली. शिक्षण आणि नोकरीचे हक्क मात्र १९९५च्या कायद्यात, आणि तिथे नाव नव्हतंच. एका वहीत चढलं, दुसऱ्या वहीत नाही. पलटणीच्या भाषेत सांगायचं तर पहाऱ्याच्या यादीत आहे, पगाराच्या यादीत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. ऑटिझम आहे हे मान्य केलं तरी तो किती टक्के, हे कसं ठरवायचं? परदेशी चाचण्या महाग, आपल्या घरांना न जुळणाऱ्या. म्हणून राष्ट्रीय न्यासाच्या पुढाकाराने ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी तयार झाली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'इसा' म्हणतात. मूल नजरेला नजर देतं का, एकच हालचाल पुन्हापुन्हा करतं का, आवाजाने बिथरतं का, असे ते प्रश्न.

भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर मान्यतेची मोहोर उमटवली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागृती दिन ठरवला. करार स्वीकारला म्हणजे जुना कायदा बदलणं भाग होतं. तरीही नऊ वर्षं गेली. अखेर डिसेंबर २०१६मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संसदेत मंजूर झाला. सातचे २१ प्रकार झाले आणि त्यात स्वमग्नता आली. शिक्षणाचा हक्क आला. सरकारी नोकरीत चार टक्के राखीव जागा आल्या, त्यांतल्या एका टक्क्याच्या गटात स्वमग्नतेचाही समावेश झाला. १९ एप्रिल २०१७ला कायदा लागू झाला.

१९९१ ते २०१६. पंचवीस वर्षं. संस्था सुरू झाली तेव्हा जी मुलं पाच वर्षांची होती ती तिशीला पोचली होती. शाळेचा हक्क मिळाला, पण शाळेचं वय निघून गेलं होतं. त्यांच्या आयांनी ही लढाई दुसऱ्यांच्या मुलांसाठी जिंकली.

कायदा आमच्या तालुक्यात

दिल्लीत कायदा झाला म्हणजे पापनाशममध्ये उजाडतं असं नाही. राजूच्या प्रमाणपत्रावर ऑटिझम शब्द यायला आम्हाला त्यानंतरही चकरा माराव्या लागल्या. एका कार्यालयातल्या गृहस्थांनी विचारलं, "इतक्या मोठ्या माणसाला ऑटिझम कसा? तो तर मुलांना होतो." मंडळी, मूल मोठं होतं, केस पिकतात, स्वमग्नता तिथेच असते. हा ताप नव्हे, उतरत नाही. माणूस शिकतो, कामं करतो, पण मेंदूची घडण तीच राहते.

अक्का आता सत्तरी ओलांडून गेली. भावोजी गेले. रोज रात्री तिचा एकच प्रश्न असतो, आणि तो अशा प्रत्येक घरात असतो. माझ्यामागे याचं काय?

इथे एक गोष्ट सांगतो, ती कृपया लिहून ठेवा, कारण पुष्कळ शिकलेल्या घरांना ती माहीत नसते. मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने आईबाप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेचं खातं, मालमत्ता, शस्त्रक्रियेची संमती, सगळीकडे अडतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख, सोबत एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. त्यांच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आम्ही तंजावरला अर्ज केला. अक्कासोबत माझं नाव लावलं, आणि माझंही वय बघता माझ्या मुलीशी बोलून ठेवलंय. दुसरं म्हणजे सरकारी पेन्शनधारकांनी आपल्या दिव्यांग मुलाची नोंद हयातीतच करून घ्यावी. अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन आजन्म मिळू शकतं, पण नोंद नसेल तर तुमच्या पश्चात कागद गोळा करणार कोण?

हे सगळं होऊ शकलं ते १९९९च्या यादीत तो एक शब्द होता म्हणून. ज्यांनी तो शब्द तिथे बसवला त्यांना राजू माहीतही नाही.

अजून काय बाकी आहे

यादी पुरी झाली असं समजू नका. २०११च्या जनगणनेत दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख निघाली. त्यात स्वमग्न किती? उत्तर नाही, कारण तो रकानाच नव्हता. कोणी मतिमंदत्वात गेले, कोणी 'इतर'मध्ये, आणि कितीतरी घरांनी लाजेपोटी काहीच सांगितलं नाही. फौजेची संख्याच ठाऊक नसेल तर रसद किती पाठवणार? किती शिक्षक हवेत, किती वसतिगृहं हवीत, हे सरकार कशावरून ठरवणार?

म्हणून या भागाच्या शेवटी तुमच्याकडे तीन मागण्या. पहिली, दीड-दोन वर्षांचं मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयात दाखवा, लवकर सुरुवात केली तर खूप फरक पडतो. दुसरी, आईला दोष देऊ नका, आणि घरची भाषा बंद करायला सांगू नका. तिसरी, जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा, आणि प्रमाणपत्राचा अर्ज भराल तेव्हाही, जे आहे ते स्पष्ट नावाने सांगा. रकाना नसेल तर विचारा, का नाही म्हणून. शेजारच्या घरात असं मूल असेल तर त्या घरालाही सांगा.

प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे विचारा. पुढच्या भागात पुन्हा इतिहासाच्या रणांगणावर, तंजावरच्या मोडी कागदांतल्या फौजेच्या हिशेबांकडे वळू.

नमस्कार. जय हिंद.